दगडी भिंत आणि आडवा धक्का

४ डिसेंबर २०२४ ची सकाळ. साडेसात वाजायला दोन-तीन मिनिटे कमी होती. शेजारच्या तेलंगण राज्यातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गोदावरी ओलांडून त्याच्या लाटा गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत पोचल्या. मोठी हानी झाली नाही. पण पायाखालची जमीन हलू शकते ही गोष्ट आपल्याकडील अनेकांनी त्या दिवशी प्रथमच अनुभवली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सिरोंच्याकडच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. दगड-मातीची दोन फूट जाड भिंत आहे. एवढी जाड भिंत भूकंपात पडेल का हो?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देण्याजोगे नव्हते. मी म्हटले, "भिंतीलाच विचारू." भिंतीला प्रश्न कसा विचारायचा आणि ती उत्तर कसे देते, हेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

खालचा भार आणि आडवा भार

विद्यार्थी मित्रांनो, भिंत एरवी काय काम करते? छपराचा आणि स्वतःचा भार पायापर्यंत पोचवते. हा भार सरळ खाली असतो. दगड दाबाला फार चिवट. एकावर एक नीट बसवलेले दगड वर्षानुवर्षे हा भार निमूटपणे वाहतात. म्हणूनच जुनी भिंत पाहून आपण म्हणतो, "शंभर वर्षे उभी आहे, तिला काय होणार?"

परंतु ही शंभर वर्षे तिची परीक्षा एकाच विषयात झालेली असते. भूकंप दुसऱ्याच विषयाचा पेपर पुढे ठेवतो. जमीन बाजूला सरकते. भिंतीचा पाया तिच्याबरोबर सरकतो. वरचा भाग मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहतो. एस.टी. एकदम सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो, तसेच हे. भिंतीच्या दृष्टीने पाहिले, तर जणू कोणी तिला आडवे ढकलत आहे.

हे बल किती? न्यूटनचा दुसरा नियम आठवा : बल = वस्तुमान × त्वरण. ४ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड अशा दगड-मातीच्या भिंतीचे घनफळ ७.२ घनमीटर होते. एका घनमीटरला सुमारे सव्वादोन टन धरले, तर ही भिंत १६ टनांची झाली. जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या केवळ एकदशांश असले, तरी या भिंतीवर १.६ टन वजनाइतके आडवे बल येईल. तेवढ्याच लांबीची बांबूच्या कुडाची, मातीने लिंपलेली भिंत जेमतेम टनभर असते. तिच्यावर येणारे बलही त्याच मानाने थोडे. जड वस्तूला भूकंप जास्त जोराने ढकलतो, हे पहिले सूत्र मनात पक्के करा.

कलत्या फळीचा प्रयोग

आता हे आडवे बल प्रयोगशाळेत आणायचे कसे? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. भिंत फळीवर बांधा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला.

फळी कलली की भिंतीच्या वजनाचे दोन घटक होतात : एक फळीला लंब आणि दुसरा फळीला समांतर. समांतर घटक भिंतीला आडवा ढकलतो. या दोन घटकांचे गुणोत्तर म्हणजे कलाच्या कोनाचे टॅन. फळीचे वर उचललेले टोक टेकलेल्या टोकापेक्षा किती उंच आहे ते मोजा आणि त्या उंचीला दोन टोकांमधील आडव्या अंतराने भागा. येणारी संख्या हेच टॅन. फळी ६ अंश कलली, तर टॅन सुमारे ०.१०, म्हणजे भिंतीवर तिच्या वजनाच्या एकदशांश आडवे बल. अशा कलत्या मंचावर भिंतींचे नमुने तपासण्याची पद्धत मोठ्या संशोधन संस्थांतही वापरली जाते.

प्रथम दगडाच्या फरशीचा एक तुकडा दुसऱ्या फरशीवर ठेवून कलवा. साधारण ३० ते ३५ अंशांच्या आसपास तो घसरू लागतो. टॅन ०.६ ते ०.७. हाच दगडावर दगडाचा घर्षणांक. तुकडा लहान घ्या की मोठा, कोन जवळजवळ तोच राहतो. कारण वजन वाढले की ढकलणारे बल वाढते आणि त्याच प्रमाणात रोखणारे घर्षणही वाढते.

आता एक उंच ठोकळा उभा करून फळी कलवा. तो घसरण्याआधीच कोलमडतो. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या कडेबाहेर गेला, की कोलमडलाच. थोडी भूमिती केली, तर हे केव्हा घडते ते सहज कळते. टॅनची किंमत जाडी भागिले उंची या गुणोत्तराएवढी झाली की ठोकळा पडतो. इथेही वजनाचा संबंध नाही. दगड हलका की भारी, हे महत्त्वाचे नाही. जाडीला उंचीने भागून काय येते, हे महत्त्वाचे.

विद्यार्थ्याच्या घराची भिंत ६० सेंटिमीटर जाड आणि ३०० सेंटिमीटर उंच. गुणोत्तर ०.२०. बाजूच्या भिंतींचा आधार नाही असे धरले, तर ती ११.३ अंशांच्या कलाला पडू लागेल. म्हणजेच आपल्या वजनाच्या एकपंचमांश आडवे बल ती सोसेल. हे काही फार वाईट नाही. पण हा हिशेब भिंत अखंड ठोकळ्यासारखी आहे असे समजून केला. ती तशी असते का?

एक भिंत की दोन?

मी त्याला म्हटले, "पुढच्या सुट्टीत घरी गेलास की भिंत कुठे फुटलेली असेल तिथे आतून पाहा आणि मोजून आण." तो परत आला, तेव्हा वहीत एक आकृती होती. गोठ्याकडची भिंत पावसाने एका टोकाला ढासळली होती. बाहेरून २२ सेंटिमीटर दगडांचा थर, आतून २२ सेंटिमीटर दगडांचा थर आणि मधल्या १६ सेंटिमीटरमध्ये कपच्या व माती. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा एकही दगड नव्हता.

आता लक्षात येते का? बाहेरून दिसणारी ती दोन फुटी भिंत म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सडपातळ भिंती होत्या. २२ भागिले ३०० म्हणजे ०.०७३. कोन अवघा ४.२ अंश! अखंड भिंत सोसेल त्याच्या जवळजवळ एकतृतीयांश. शिवाय मधली माती आणि कपच्या धक्क्यागणिक खाली बसतात आणि पाचरीसारख्या दोन्ही थरांना बाहेर ढकलतात. भिंतीचे पोट फुगते आणि मग एक थर बाहेर, दुसरा घरात कोसळतो.

आणि एक चूक टाळा. अशा सुट्या भिंतीची जाडी मधला भराव वाढवून वाढवली, तर ती बळकट होत नाही. थर तेवढेच सडपातळ राहतात. मधला बोजा मात्र वाढतो.

किल्लारीने शिकवलेला धडा

ही गोष्ट महाराष्ट्राला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ भूकंप झाला. तीव्रता सुमारे ६.२. आदल्या दिवशीच गणेश विसर्जन झाले होते. लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे दगावली.

जगात या तीव्रतेचे भूकंप दर वर्षी अनेक होतात आणि पुष्कळदा हानी थोडी असते. मग इथेच एवढा संहार का? एक कारण केंद्राची जवळीक आणि रात्रीची वेळ. दुसरे कारण घरांच्या भिंती. ओबडधोबड दगड मातीत बसवून उभारलेल्या त्या भिंती पाऊण मीटर, मीटर, काही ठिकाणी त्याहूनही जाड होत्या. वर उन्हापासून रक्षण करणारे मातीचे जड धाबे. बाहेरून पाहणाऱ्याला हे घर किल्ल्यासारखे वाटे. पण आतून थर सुटे होते. उन्हाळ्यात गारवा देणारी जाडी भूकंपात उपयोगी पडली नाही.

त्या घरांतील माणसे अडाणी होती असे मात्र समजू नका. ऊन, पाऊस आणि चोर यांपासून रक्षण करण्याचे काम त्या भिंतींनी चोख केले. आडव्या धक्क्याचा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

मोठ्या प्रयोगशाळेत

फळीवरच्या प्रयोगाला मर्यादा आहेत. कोलमडण्याचा हिशेब केवळ आकारावर अवलंबून असल्यामुळे लहान प्रतिकृतीत तो बरोबर उतरतो. पण मातीचा चिकटपणा किंवा दगडाचे चिरडणे लहान प्रतिकृतीत तसेच्या तसे दिसत नाही. शिवाय फळी एकाच दिशेने आणि सावकाश ढकलते. भूकंप क्षणात इकडे, क्षणात तिकडे ढकलतो. क्षणभर मर्यादा ओलांडली म्हणून भिंत लगेच पडत नाही. ती डुलून पुन्हा जागेवर येऊ शकते. म्हणून खऱ्या मापाच्या भिंती तपासाव्या लागतात.

त्याची एक रीत अशी. प्रयोगशाळेच्या भक्कम जमिनीवर भिंतीचा नमुना बांधतात. वरून द्रवदाबाच्या जॅकने छपराइतका भार देतात. मग दुसरा आडवा जॅक भिंतीचा माथा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असा आळीपाळीने ढकलतो. प्रत्येक फेरीत थोडा अधिक. माथा किती सरकला आणि किती बल लागले यांचा आलेख काढतात. ढकलणे व परत आणणे यांमुळे आलेखावर वेटोळी उमटतात. वेटोळ्याच्या आतले क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीत घर्षणात जिरलेली ऊर्जा. दगड एकमेकांवर घसरत असतील तर वेटोळे गुबगुबीत येते. भिंत नुसती डुलत असेल तर ते बारीक येते, पण भिंत पूर्वस्थितीला येते.

पोर्तुगालमधील मिन्हो विद्यापीठात ग्रॅनाइटच्या भिंतींवर असे प्रयोग झाले आहेत. काही भिंती कापीव दगडांच्या आणि कोरड्या, म्हणजे चुन्याशिवाय रचलेल्या; काही ओबडधोबड दगडांच्या. वरचा भार थोडा असला की भिंत पायावर डुलते आणि भार वाढवला की कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी भेग जाते, असे तिथे दिसून आले. कोरड्या रचाईत ही भेग दगड न फोडता सांध्यासांध्याने जिन्यासारखी चढते.

आपल्या देशात रूरकी येथे १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण व संशोधन चालू आहे. तिथल्या अभ्यासकांनी एक गमतीदार पण गुणकारी साधन बनवले. रुळांवर उभ्या केलेल्या रेल्वेच्या वॅगनवर सपाट मंच बसवला, त्यावर घर बांधले आणि दुसरी भारलेली वॅगन तिच्यावर आणून आदळली! जितक्या वेगाने आदळावी तितका धक्का मोठा. किल्लारीनंतर एकमजली दगडी घरे अशा धक्क्यांखाली तपासण्यात आली : नेहमीच्या पद्धतीचे घर आणि मजबुतीचे उपाय केलेले घर, दोन्ही. कोणता उपाय खरोखर उपयोगी आणि कोणता नुसता दिखाऊ, हे अशाच परीक्षेत ठरते.

आरपार दगड

मग उपाय काय? १९९३ सालीच प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानक १३८२८ मध्ये तो स्पष्ट दिला आहे. भिंतीच्या दर ६० सेंटिमीटर उंचीला, आडव्या अंतरात १.२ मीटरपेक्षा दूर नाहीत असे, भिंतीच्या पूर्ण जाडीइतके लांब दगड बसवावेत. आपण त्यांना आरपार दगड म्हणू. हे दगड आतला आणि बाहेरचा थर एकत्र धरतात. आणखी वाचून आश्चर्य वाटेल : भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, शक्यतो ३५ च्या आसपास असावी आणि दोन्ही थरांचे दगड एकमेकांत गुंतलेले असावेत, असेही हे मानक सांगते. म्हणजे नीट गुंफलेली दीड फुटी भिंत सुट्या थरांच्या तीन फुटी भिंतीपेक्षा भरवशाची.

जुन्या भिंतीतही उपाय करता येतो. ठराविक अंतरावर हलक्या हाताने दगड काढून आरपार भोक पाडतात, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली लोखंडी सळई ठेवतात आणि काँक्रीट भरतात. आरपार दगडाचेच ते नवे रूप. हे काम जाणत्या गवंड्याचे आहे. आपण हौसेने करण्याचे नव्हे.

तीच भिंत, दुसरी दिशा

आणखी एक प्रश्न उरतो. भिंतीला तिच्या लांबीच्या दिशेने ढकलले तर? आता पायाची लांबी ४ मीटर आणि उंची ३ मीटर. गुणोत्तर १.३३. ती कोलमडण्याआधी घर्षणाची मर्यादा, म्हणजे ०.६, येईल, अर्थात भिंत घसरेल किंवा तिला तिरकी भेग जाईल. एकच भिंत, पण आडव्या दिशेने दुबळी आणि लांबीच्या दिशेने दांडगी.

यातूनच घर वाचवण्याची दुसरी किल्ली मिळते. दुबळ्या दिशेने ढकलल्या जाणाऱ्या भिंतीला तिच्या काटकोनातील भिंतीने धरून ठेवले पाहिजे. त्यासाठी कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतलेले हवेत आणि दारे-खिडक्यांच्या माथ्याशी सगळ्या भिंतींभोवती सलग पट्टा हवा. काड्यापेटीचे आतले खोके आणि बाहेरचे नळकांडे वेगवेगळे दाबून पाहा. मग एकात एक घालून दाबा. फरक बोटांनाच कळेल.

आपल्या जिल्ह्यांतील भिंती

चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा ज्या प्राचीन खचलेल्या खोऱ्यात साठला, ते खोरे प्राणहिता-गोदावरीच्या दिशेने आग्नेयेस पुढे जाते. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ झालेला ५.७ तीव्रतेचा भूकंप आणि २०२४ चा मुलुगूचा भूकंप हे याच पट्ट्यातील. हिमालयाच्या मानाने आपल्याकडे भूकंप विरळच. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण 'आपल्याकडे होतच नाही' असे म्हणण्याचीही सोय नाही.

जंगलातील गावांत कुडाची घरे अजून दिसतात. हलकी भिंत, लवचीक बांबू, वर कवेलू. या घरांना वाळवी, आग आणि पाणी यांचे भय असते. पण आडव्या धक्क्याच्या विषयात ती दगडी घरापेक्षा वरच्या नंबराने पास होतात. ज्या घराला आपण कच्चे म्हणतो, ते प्रत्येक बाबतीत कच्चे नसते.

चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट तर तुम्ही पाहिलाच असेल. पुढच्या वेळी जटपुरा किंवा पठाणपुरा दरवाजाकडे गेलात, तर दगडांचे थर, सांधे आणि कोपऱ्यातील गुंफण डोळसपणे पाहा. कोणता दगड आडवा, कोणता आत खोल गेलेला, हे ओळखण्याचा प्रयत्न करा. वास्तू संरक्षित आहे. हात न लावता पाहायचे.

करून पहा

एक मीटर लांब फळी घ्या. फरशीच्या अडीच सेंटिमीटर जाड तुकड्यांपासून १२ थरांची, ३० सेंटिमीटर उंच भिंत फळीच्या आडव्या दिशेने रचा. भिंत ६ सेंटिमीटर जाड हवी. पण ती ३ सेंटिमीटर रुंदीच्या दोन सुट्या रांगांची करा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. फळी सावकाश उचला आणि भिंत पडते तो कोन मोजा. तो ६-७ अंशांच्या आसपास येईल.

आता तेवढीच भिंत पुन्हा रचा; पण तिसरा, सहावा, नववा आणि बारावा थर ६ सेंटिमीटर रुंदीच्या आरपार तुकड्यांचा करा. आता कोन ९-१० अंशांपर्यंत जाईल. हिशेबाने येणारे ११.३ अंश का येत नाहीत? विचार करा. (सूचना : सुटा दगड वरच्या दगडाला ढकलू शकतो, पण खालच्याला ओढून वर उचलू शकतो का?) पडणारे तुकडे पायावर येणार नाहीत अशा बेताने फळी टेबलाच्या मध्यभागी ठेवा आणि खाली जुने पोते अंथरा.

आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग त्याच विद्यार्थ्याने केला. दोन्ही कोन फळ्यावर लिहून तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. दगड तेच, माणसे तीच, जागा तीच. फरक होता चार थरांचा. मग तो म्हणाला, "सर, गोठ्याची भिंत पुन्हा बांधायचीच आहे. लांब दगड आधी निवडून ठेवतो."

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले होते.